अकरा भोकं

निलेशची स्कूटर दहा आठवड्यांत तिसऱ्यांदा गॅरेजवर आली, ती ढकलत. दोन रिक्षावाले ढकलत होते आणि निलेश वर बसून हँडल धरून होता. बघणाऱ्याला वाटलं असेल, काय आरामात बसलाय साहेब. त्याचे दोन्ही पाय तो दीड वर्षाचा असतानाच पोलिओनं नेले होते. उतरून ढकलायची सोय त्याच्याकडे नव्हती.

पार्कसाइटच्या टेकडीवरून खाली येणारा रस्ता जिथे संपतो, तिथेच जयवंतचं गॅरेज. ज्यानं तो रस्ता काढला त्यानं स्वतःची गाडी कधी त्यावर घातलेली नसणार. वर माणसं राहतात, ती रोज चढतात-उतरतात, त्याअर्थी रस्ता चांगलाच आहे, एवढ्या हिशेबावर तिथे वीस वर्षं निवडणुका लढल्या गेल्या. दुसऱ्या वळणाचा कठडा दोन पावसाळ्यांपूर्वी कोसळला. त्या जागी आता एक निळी प्लास्टिकची दोरी बांधलेली आहे. दोरीपलीकडे तीस फूट खाली कुणाच्या तरी घराचे पत्रे.

"काल संध्याकाळी मागे गेली," निलेश म्हणाला.

"किती?"

"पंधरा फूट असेल. चढावर रेस देतोय, इंजिन नुसतं बोंबलतंय, चाक फिरत नाही. मग हळूहळू मागे. ब्रेक दाबला तर चाकं धरली, पण खडीवर घसरतच राहिली." तो थांबला. "निधी मागे बसली होती."

निधी त्याची मुलगी, आठ वर्षांची. जयवंतनं हातातला पाना खाली ठेवला.

"कुठे थांबली?"

"पाण्याची टाकी ठेवलीय बघ चव्हाणांनी दारात, तिच्यावर. टाकी नसती तर दोरी होती."

तो ओरडला नाही, हे जयवंतला जास्त लागलं. गिऱ्हाईक ओरडलं की उलट ओरडता येतं. आणि उलट ओरडण्यात जयवंतचा हात धरणारा माणूस विक्रोळीत नव्हता. पहिल्यांदा क्लच गेला तेव्हा तो म्हणाला होता, तेल अडवणारं कंपनीचं सील हलकं. दुसऱ्यांदा गेला तेव्हा म्हणाला, तुझा हात भारी, तू ब्रेक धरून रेस देतोस, क्लच जाळतोस. चाळिशीच्या माणसाला त्यानं पाच माणसांत गाडी कशी चालवायची ते शिकवलं होतं, आणि निलेशनं मान खाली घालून ऐकून घेतलं होतं. निलेशला तशी सवय होती. आपल्याकडे कुबड्या घेतलेल्या माणसाला कुणीही काहीही शिकवतं.

"ह्या वेळी काय माझं चुकलं, ते पण सांगून टाक," निलेश म्हणाला.

"बस तिकडे. चहा सांगतो."

"चहा नको. मला नाहूरला दुकान उघडायचंय." नाहूर स्टेशनबाहेर मोबाइल दुरुस्तीचा त्याचा गाळा होता, हातभर रुंदीचा. "संध्याकाळी नेतो. दादा, एक सांगू? ही गाडी आली तेव्हा मी घरात सगळ्यांना सांगितलं, आता मला कुणी उचलायचं नाही. काल सहा जणांनी उचललं."

तो रिक्षात बसून गेला. जयवंत स्कूटरसमोर उकिडवा बसला.

ही गाडी त्यानं बांधली होती. आजवर एकतीस स्कूटरना त्यानं बाजूची चाकं लावली होती, डावीकडे एक, उजवीकडे एक, म्हणजे पाय टेकायची गरज नाही. पत्र्याचे तुकडे वेल्ड करून पैसे घेणारे पुष्कळ होते. जयवंत मापं घ्यायचा. माणूस कसा बसतो, कुठल्या बाजूला कलतो, वर चढताना कुठे धरतो. डावा ब्रेक दाबला की मागचं चाक आणि बाजूची दोन्ही चाकं एकदम धरतील अशी जोडणी त्यानं स्वतःच्या डोक्यानं केली होती. गाडीचं वजन त्या बाजूच्या चाकांवरच जास्त येतं, तेव्हा उतारावर खरा ब्रेक तिथलाच.

आणि निलेशच्या गाडीला एक खास काम. स्कूटरला हातानं दाबायचा क्लच नसतो. रेस दिली की मागे, डाव्या झाकणाआड, तीन शू फाकतात आणि भोवतीच्या लोखंडी वाटीला आतून धरतात. धरलं की चाक फिरतं. बाजूच्या चाकांचं वजन, वर मुलगी, वर हा चढ, म्हणजे ते शू तापणार. म्हणून जयवंतनं झाकणालाच ड्रिलनं भोकं पाडली, हवा खेळायला. अकरा, अर्धगोलात. निधी म्हणाली होती, गाडी हसते बघ. जयवंतला त्या भोकांचा अभिमान होता. येणाऱ्या-जाणाऱ्याला तो दाखवायचा.

आता ती अकरा भोकं त्याच्याकडे बघत होती. पुढच्या खेपेला चव्हाणांची टाकी मध्ये असेलच असं नाही. गाडी मागे घरंगळत जाईल, निळी दोरी तुटेल, आणि पत्र्यांवर दोन माणसं पडतील. पोलीस विचारतील, गाडी कुणी बांधली? उत्तर द्यायला जयवंतशिवाय दुसरं कुणी नव्हतं.

त्यानं झाकणाचे स्क्रू काढले.

मेकॅनिक लोकांची एक खोड असते, आधी धुवायचं, मग बघायचं. झाकण उघडलं की पेट्रोलचा ब्रश मारायचा, सगळं लखलखीत करायचं, आणि मग काय बिघडलंय ते शोधायचं. जयवंतनंही मागच्या दोन्ही खेपेस तेच केलं होतं. आज पेट्रोलचा डबा जागेवर नव्हता, कारण शेजारच्या गाळ्यातला वेल्डर चंद्रप्रकाश तो सकाळी न विचारता घेऊन गेला होता. म्हणून जयवंतला पहिल्यांदा ते जसं होतं तसं बघावं लागलं.

बेल्ट ठीक होता. वाटी तापून निळी पडली होती. शूंवरचं अस्तर काचेसारखं गुळगुळीत, काळं, आणि वर ओलं. त्यानं बोट फिरवलं. तेल. त्यात काही नवीन नव्हतं, तेल मागच्या वेळीही होतं, म्हणूनच तर सील बदलली. पण मागच्या सीलपाशी बोट घातलं तर कोरडं ठणठणीत. पुढच्या सीलपाशी, तेही कोरडं. तेल आलं कुठून मग? झाकणाच्या आतल्या बाजूला त्याचे ओघळ होते. वरून खाली, नेमके भोकांच्या खालून.

त्यानं बोट नाकाशी नेलं. गिअरच्या ऑइलला कुजका वास येतो, इंजिनच्या ऑइलला जळका. ह्याला वेगळाच येत होता. ओळखीचा, पण गॅरेजमधला नाही.

"चंद्रप्रकाश," त्यानं हाक मारली. "डबा घेऊन ये माझा. आणि गरम काय आहे तुझ्याकडे?"

चंद्रप्रकाश डबा घेऊन आला नाही, पण नुकतंच वेल्ड केलेलं एक अँगल चिमट्यात धरून आला. "क्या हुआ जयवंतभाई? फिर से लंगडी गाडी?"

"तोंड सांभाळ. हे बघ." जयवंतनं शूवरचं तेल स्क्रूड्रायव्हरच्या टोकानं खरवडून त्या तापल्या लोखंडावर लावलं. चर्र झालं. धूर आला. दोघांनी नाकं पुढे केली.

"ये तो नाश्ता बन रहा है," चंद्रप्रकाश म्हणाला.

"कसलं तेल आहे?"

"सरसों नहीं है. सरसों होता तो मैं नींद में बता देता." त्यानं पुन्हा हुंगलं, आणि चेष्टेचा सूर सोडला. "तिल का है. भाई, तुम्हारे क्लच में किसी ने तिल का तेल डाला है. गिरा नहीं है, डाला है."

करपलेल्या फोडणीचा वास गाळाभर पसरला होता. तिळाचं तेल स्कूटरच्या पोटात आपोआप येत नाही. कुणीतरी येतं, भोकांशी वाकतं, आणि ओततं. आणि ओतून झाल्यावर झाकण पुसून ठेवतं, कारण बाहेरून कधी एक थेंब दिसला नव्हता. एकदा नाही, तीनदा. ज्याचे पाय चालत नाहीत अशा माणसाच्या गाडीत, आणि वर हा असला चढ.

दिवसभर तो कामं करत होता आणि डोक्यात तेच. निळी दोरी. पुसून ठेवलेलं झाकण.

संध्याकाळपर्यंत त्यानं नवे शू बसवले, वाटी घासून पांढरी केली, बेल्टसुद्धा नवा टाकला. मग एक पत्रा कापून आतून अकरा भोकांवर ठेवला आणि रिव्हेट मारून ती कायमची बंद केली. क्लच तापला तर तापू दे.

निलेश आला तेव्हा जयवंतनं त्याला पत्रा दाखवला. इथे गप्प बसायला हवं होतं. पण दोन वेळा खोटा ठरलेला मेकॅनिक गप्प बसत नाही. त्याला आपली बाजू साफ करायची घाई असते.

"सील नव्हतं," तो म्हणाला. "तुझा हातही नव्हता. कुणीतरी भोकांतून तेल ओतत होतं. खायचं तेल. तिळाचं."

निलेशनं त्याच्याकडे पाहिलं. "म्हणजे मुद्दाम?"

"चुकून कोण ओतणार रे? गाडी उभी कुठे असते?"

"दारात."

"मग दारातलंच कुणीतरी."

निलेशचा चेहरा आत कुठेतरी ओढला गेल्यासारखा झाला. मग म्हणाला, "देवेश."

देवेश त्याचा धाकटा भाऊ. चाळ पाडून बिल्डिंग उभी राहायची होती. खोली आईच्या नावावर. आईनं आपल्या सोयीच्या कागदांवर सही करावी असं देवेशला हवं होतं आणि निलेश ती करू देत नव्हता. वर्षभर दोघे भाऊ एकमेकांशी बोलत नव्हते.

"शुक्रवारी येतो तो आईकडे. मी दुकानात असताना. पाच मिनिटं बसतो म्हणे," निलेश म्हणाला. "आज शुक्रवार."

"मी नाव नाही घेतलं कुणाचं."

"तू नको घेऊस." निलेशची नजर गॅरेजच्या कोपऱ्यात गेली. तिथे जुन्या साइड व्हीलचा दांडा पडला होता, दोन फुटी, भरीव. "तो टाकणार आहेस का?"

"का?"

"दे मला. उद्या सकाळी येतोय तो कागद घेऊन. आईचा फोन आला होता."

जयवंतनं तो दांडा का दिला, हे त्याला नंतर कधी सांगता आलं नाही. कदाचित म्हणून, की माणसानं काहीतरी मागितलं आणि ते देता येण्यासारखं होतं. निलेशनं दांडा गाडीला कुबड्या ठेवायला लावलेल्या नळीत खोचला, रेस दिली, आणि गाडी चढावर विनातक्रार गेली. आवाज सुरेख होता. जयवंत तो पार वर जाईपर्यंत ऐकत राहिला, आणि त्याला बरं वाटलं नाही.

सकाळी साडेसहाला तो टेकडी चढत होता. डिसेंबरचा महिना, रस्त्यावर दूधवाला आणि कुत्री. दांडा काहीही करून परत आणायचा, असं त्यानं ठरवलं होतं. भावाभावांत रक्त सांडलं तर गाडीच्या क्लचपेक्षा ते भारी पडेल, आणि ठिणगी टाकणारा पुन्हा तोच. दुसऱ्या वळणावर तो थांबला. जिथे कठडा नव्हता तिथे रस्त्याच्या समोरच्या बाजूला, भिंतीला लागून, पाडलेल्या घरांचं डेब्रिज कुणीतरी आणून टाकलं होतं, कंबरभर उंच ढीग. पालिकेचं नाही, कुणाचंच नाही, तसंच पडलेलं.

निलेशचं दार दिसलं तेव्हा त्याची पावलं आपोआप हळू झाली. स्कूटरपाशी कुणीतरी बसलं होतं.

मालनकाकी. निलेशची आई. सत्तरीला आलेली, गुडघ्यांनी जवळजवळ निकामी झालेली. वर्षभर ती टेकडी उतरली नव्हती. एक हात सीटवर टेकून ती जमिनीवर बसली होती. दुसऱ्या हातात पळी. शेजारी तेलाची वाटी.

"काकी," जयवंत म्हणाला. "काय करताय?"

तिनं दचकायला हवं होतं. ती दचकली नाही. "जयवंत? इतक्या सकाळी? बस. तेल घालतंय."

"कशाला?"

"शनवार मा आज." मग त्याचा चेहरा बघून, जसं काही हा मुलगा मुद्दाम येडा होतोय, "आरे, तेच्या पायांका. बारको होतो तेव्हापासून दर शनवारी तेल चोळलंय मी तेच्या पायांका. डॉक्टरान सांगितला, काय उपयोग नाय. नसूंदे. माका उपयोगासाठी करूचा नव्हता. आता तो लावूक देत नाय. म्हणता, आई, लाज वाटता, घरात निधीसारखा चेडू मोठा झाला. बरा. मग ह्येच मा आता तेचे पाय?"

"पण गाडीत तेल घालायला तुम्हाला सांगितलं कुणी?"

"तूच."

"मी?"

"दसऱ्याक. पूजा केली मी गाडयेची, ताट हातात होता माझ्या. तू म्हणालंस, काकी, आता हे ह्याचे पाय, तेलपाणी वेळेवर करा." तिनं बोटानं झाकण दाखवलं. "आणि तोंड पण तूच करून दिलंस. म्हटला, पोरगो हुशार आसा, देवासारखी सोय केल्यान."

जयवंत भिंतीला टेकला. तेलपाणी. हजार गिऱ्हाइकांना तो हे म्हणाला होता. त्याच्या तोंडात तो शब्द म्हणजे वेळेवर सर्व्हिसिंगला आण, बाकी काही नाही. एकतीस गाड्यांच्या पूजा, एकतीस नारळ, दर वेळी हेच वाक्य. म्हाताऱ्या बायका हसतात, पेढा देतात, विषय संपतो. इथे संपला नव्हता. ही बाई दर शनिवारी गुडघे मोडत बाहेर येऊन आपल्या मुलाला मारत होती, आणि वर फडक्यानं पुसून ठेवत होती, जसं अंगावरचं तेल पुसतात.

तो तिच्यासमोर बसला. "काकी, ऐका. त्या तेलानं क्लच धरत नाही. गाडी परवा मागे गेली ती त्यानंच. निधी होती मागे."

तिला समजायला वेळ लागला. समजलं तेव्हा तिनं पळी जमिनीवर ठेवली, अगदी हळू, आवाज न करता.

"माझ्या हातान?"

"तुम्हाला माहीत नव्हतं."

"तेका सांगू नको," ती म्हणाली. "जयवंता, पाया पडतंय. तो माका काय बोलूचा नाय. तो बोलत नाय, ताच वाईट. देवेशाशी पण असोच गप झालो."

"नाही सांगत. पण आता परत घालायचं नाही."

"नाय घालणार." ती पुढे काहीतरी बोलायला गेली. "पण आज—"

दार उघडलं. निलेश कुबड्यांवर बाहेर आला, मागून निधी, पाठीवर दप्तर. शनिवारची सकाळची शाळा. निलेशचे डोळे तारवटलेले होते. रात्रभर तो खिडकीपाशी बसून होता हे दिसत होतं, आणि पहाटे नेमका डुलकी लागून झोपला होता, हेही.

"कोण आलं होतं?" त्यानं विचारलं.

मालनकाकीनं वाटी पदराखाली घेतली.

"कोणी नाही," जयवंत म्हणाला. "मीच आलोय. रात्री झोप लागेना. निलेश, माझं चुकलं रे. सीलच होतं. तेल गिअरचंच, मी उगाच काहीतरी हुंगलं."

"काल तू तीळ म्हणालास."

"चंद्रप्रकाश म्हणाला. त्याला काय कळतंय? देवेशला काही बोलू नकोस. तो दांडा दे मला, काम आहे त्याचं."

निलेश त्याच्याकडे बघत राहिला. जयवंतनं नजर चुकवली नाही. आयुष्यात पहिल्यांदा तो स्वतःवर चूक ओढून घेत होता, आणि ती नेमकी खोटी होती. पण बोलताना त्याला छाती हलकी वाटली. माणसाला आपल्या चांगुलपणाची चव लागली की तो आजूबाजूला बघायचं सोडतो. त्यानं वाकून झाकणावरचा पत्रा बोटानं दाबून पाहिला. कोरडा. रिव्हेट घट्ट. वेळेवर पोचलो, असं त्याला वाटलं. पत्र्यापलीकडे एक वीतभर नजर टाकायची बुद्धी त्याला झाली नाही.

"तुझं नेहमी दुसऱ्याचं चुकतं," निलेश म्हणाला. "आज तुझं चुकलं?"

"चुकतं कधी कधी."

निलेशनं नळीतून दांडा काढून जमिनीवर टाकला. मग सीटवर चढला, कुबड्या खोचल्या, निधीला मागे घेतलं. "बाबा, आज हळू," निधी म्हणाली. "परवासारखं उलटं नको."

"आज सुलटंच जातोय. खाली."

गाडी वळली आणि उताराला लागली. तिघांनी ती जाताना पाहिली, म्हणजे जयवंत, म्हातारी, आणि दारातलं कुत्रं.

"गेला एकदाचा," जयवंत म्हणाला. "उठा काकी, थंडीत बसू नका."

ती उठली नाही. "आज घातलेल्याचा काय, ता इचारत होतंय मी."

"आज कुठे घातलंत? भोकं तर बंद."

"म्हणून मा. तोंड बंद केलंस तू. माका वाट गावना. म्हणून त्या बारक्या दोन चाकांका घातलंय. मधे फट आसा बघ, थंय. दोन-दोन पळ्ये." तिनं त्याच्याकडे वर पाहिलं. "थंय चालता मा?"

जयवंत पळाला.

त्याचं वय पन्नासच्या पुढे होतं आणि पायात स्लिपर होती. एक पहिल्या वीस पावलांतच गेली. स्कूटर पहिलं वळण घेऊन सरळ उताराला लागली होती. मागचा लाल दिवा पेटलेला होता. म्हणजे निलेशनं ब्रेक दाबला होता. दिवा पेटलेलाच राहिला, आणि गाडी दिव्यासकट वेग घेत होती. बाजूच्या चाकांचे ब्रेक, जे जयवंतनं सगळ्यात मन लावून बांधले होते, तेलात नुसते फिरत होते.

"निलेश," तो ओरडला. आवाज अर्ध्यातच फाटला. "भिंतीला घाल. भिंतीला."

निलेशला ऐकू गेलं की त्याचं त्याला सुचलं, कोण जाणे. समोर दुसरं वळण होतं, डावीकडे निळी दोरी. त्यानं पुढचा ब्रेक दाबला असावा. पुढचं चाक घसरून गाडी आडवी व्हायला लागली, आणि त्यानं हँडल होतं नव्हतं तेवढ्या ताकदीनं उजवीकडे ओढलं. गाडी डेब्रिजच्या ढिगात घुसली. विटांचा, फरशांचा, कुणाच्या तरी मोडक्या ओट्याचा तो ढीग. धूळ उडाली. इंजिन दोन क्षण ओरडत राहिलं आणि बंद पडलं. मग निधीचं रडणं आलं, आणि ते ऐकून जयवंत आणखी जोरात धावला, कारण रडतंय ते जिवंत असतं.

तो पोचला तेव्हा चव्हाणांकडची माणसं धावली होती. निधीची हनुवटी फुटली होती; एका बाईनं तिला उचलून घेतलं. निलेश विटांवर पडला होता, एक खांदा विचित्र खाली गेलेला. पाय दोन दिशांना. दुसऱ्या हातात फोन होता आणि तो कानाला लावत होता.

"देवेश," तो फोनमध्ये म्हणाला, अगदी शांत. "ब्रेकलाही केलंस ना. ये आता. इथेच आहे मी. कागद घेऊनच ये."

जयवंतनं त्याच्या हातातून फोन काढून घेतला आणि बंद केला.

"देवेशनं काही केलेलं नाही."

"मग कुणी?"

जयवंतनं वर पाहिलं. मालनकाकी येत होती. वर्षभर न उतरलेली बाई, अनवाणी, एका हातानं घरांच्या भिंती धरत, आडवी आडवी होत उतार उतरत होती. तिला धरायला कुणी गेलं तर ती हात झटकत होती.

"तेल तुझ्या आईनं घातलं," जयवंत म्हणाला. "क्लचमध्येही तिनंच, आज ब्रेकमध्येही तिनंच. आणि घालायला मी सांगितलं. मघाशी तुला खोटं बोललो, तेव्हा मला माहीत होतं. ब्रेक दाबून गाडी एकदा ओढून बघितली असती तर हे झालं नसतं. मी नाही बघितली."

कुणीतरी म्हणालं, रिक्षा बोलवा, हॉस्पिटलात न्या. कुणीतरी म्हणालं, आधी विटांवरून उचला ह्याला. निलेशचं त्यांच्याकडे लक्ष नव्हतं. तो आईकडे बघत होता. ती पोचेपर्यंत तो बघत राहिला, आणि ते बघणं जयवंतला नंतर पुष्कळ दिवस पुरणार होतं.

ती आली. खांदा बघितला नाही, तोंड बघितलं नाही. विटांत बसली आणि त्याचा एक पाय मांडीवर घेऊन त्यावरची धूळ पदरानं पुसायला लागली, घोट्यापासून वर, जसं ती चाळीस वर्षं तेल चोळत आली होती.

निलेशनं पाय ओढून घेतला नाही. त्याला तो ओढून घेता येत नव्हता.